खड्डा बघायचा तर मनोऱ्यावर चढा

खड्डा कसा बघायचा असतो? काठावर जायचं, खाली वाकायचं आणि बघायचं. जर्मनीतल्या रीस नावाच्या खड्ड्याला मात्र हा नियम लागू नाही. त्याच्या काठावर उभे राहिलात तरी समोरचा काठ इतका लांब असतो, की मधे नुसता सपाट मुलूख दिसतो. आत उतरलात तर खड्ड्याचा संशयही येत नाही. आत गव्हाची शेतं आहेत, नद्या वाहतात, आगगाडी धावते, शाळा भरतात आणि तटबंदीने वेढलेलं एक अख्खं जुनं शहर सुखाने नांदतं. तिथली माणसं शेकडो वर्षं त्या खड्ड्यात जन्मली, वाढली, म्हातारी झाली. पण तो खड्डा पडला कसा, हे १९६० सालापर्यंत त्यांना कोणी ठामपणे सांगू शकलं नव्हतं.

हा खड्डा दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया राज्याच्या पश्चिम कडेला आहे. रुंदी सुमारे २४ किलोमीटर. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर तुमच्यापैकी काही जणांनी सहलीत पाहिलं असेल. ते सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे लोणारएवढी तेरा विवरं एका रांगेत मांडली, तर रीसच्या या काठापासून त्या काठापर्यंत पोचतील! एवढं मोठं काही बघायचं तर उंचावरच जायला हवं. तशी एक झकास जागा तिथे आहे. चला तर.

त्या जुन्या शहराचं नाव नर्डलिंगन. शहराच्या मधोमध सेंट जॉर्ज चर्च आहे. त्याचं बांधकाम १४२७ साली सुरू झालं आणि १५०५ मध्ये पुरं झालं. चर्चचा मनोरा ९० मीटर उंच आहे. गावकरी त्याला लाडाने ‘दानिएल’ म्हणतात. वर जायला साडेतीनशे पायऱ्या.

पण थांबा, चढायची घाई नको. आधी चर्चच्या भिंतीजवळ जा. अगदी नाक लावून बघा. लांबून दगड नुसता राखाडी-हिरवट दिसत होता ना? जवळून तो एकसारखा नाहीच. बारीक राखाडी चुऱ्यात काळपट काचेचे वेडेवाकडे गोळे रुतलेले आहेत. मधेच एखादा चुनखडकाचा फिका तुकडा. त्याच्या शेजारी ग्रॅनाइटचा चमकता दाणा. काही ठिकाणी पावसापाण्याने काच झिजून गळून पडली आहे आणि तिथे बोटाचं टोक मावेल असे खळगे उरले आहेत. एकाच दगडात काच, चुनखडक आणि ग्रॅनाइट एकत्र आले कसे? चुनखडक समुद्राच्या तळाशी तयार होतो. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर, तापलेला रस थंड होऊन बनतो. काच बनायला भयंकर उष्णता लागते. तिघांची घरं तीन ठिकाणी! या दगडाचं नाव सुएवाइट. त्याला विसरू नका, आपल्या गोष्टीतला मुख्य साक्षीदार तोच आहे.

आता चढा. सुरुवातीला अरुंद दगडी जिना, वर गेल्यावर लाकडी. पोटऱ्या भरून आल्या, की कट्टा बघून बसा. माथ्यावर पोचल्यावर गच्चीचं दार उघडतं आणि वारा अंगावर येतो.

खाली बघा. आधी दिसतात ती लाल कौलं, एकाला एक खेटून. त्या सगळ्या कौलांना गोल कवटाळून बसलेली तटबंदी. ही भिंत सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावरून संपूर्ण शहराला प्रदक्षिणा घालता येते. वर छप्पर असल्यामुळे पावसातही! पाच वेशी आहेत. नीट बघितलंत तर भिंतीच्या आत रस्त्यांचं आणखी एक लहान वर्तुळ दिसेल. शहर लहान होतं तेव्हा त्याची जुनी भिंत तिथे होती. लोकवस्ती वाढली, भिंत पुरेना, मग चौदाव्या शतकात बाहेरून नवी बांधली.

इथे पुष्कळ जणांची गफलत होते. विमानातून काढलेल्या फोटोत हे गोल शहर इतकं उठून दिसतं, की लोक म्हणतात, ‘हाच तो खड्डा!’ छे! शहर जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे. ते गोल आहे ते माणसांनी भिंत गोल बांधली म्हणून. खरा खड्डा बघायला नजर कौलांवरून उचलून लांब न्यायला हवी.

तो बघण्याआधी या गच्चीवरचीच एक गंमत सांगते. या मनोऱ्यावर आजही पहारेकरी असतो. पूर्वी त्याचं काम आग लागली का, शत्रू आला का, हे बघण्याचं होतं. आता शत्रू नाही, तरी रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने तो खिडकीतून हाळी देतो, ‘सो, ग्सेल, सो!’ गावात या हाळीची एक दंतकथा आहे. १४४० साली म्हणे एटिंगनच्या सरदाराला हे शहर जिंकायचं होतं. त्याने वेशीवरच्या पहारेकऱ्यांना पैसे चारले आणि रात्री वेस नुसती लोटून ठेवायला सांगितली. शहर झोपलेलं. एक बाई रात्री बाहेर पडली, तर एक डुकरीण वेशीच्या दाराला अंग घासतेय आणि दार हलतंय! बाईने आरडाओरडा केला, वेस बंद झाली, शहर वाचलं. त्या बाईने डुकरिणीवर ओरडताना जे शब्द काढले तेच ही हाळी, असं गावकरी सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण त्या डुकरिणीबद्दल गावाला अजून माया आहे.

हं, आता लांब बघा. शहराच्या भिंतीपलीकडे सगळीकडे शेतं. गहू, मका, बीट. झाडं फार थोडी, कारण जमीन सुपीक आणि प्रत्येक तुकडा लागवडीखाली. गावंच गावं. हवा स्वच्छ असेल तर इथून नव्व्याण्णव गावं दिसतात, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. आणि शेतांच्या पार पलीकडे, क्षितिजावर, गर्द झाडीच्या टेकड्यांची एक निळसर ओळ. दक्षिणेकडे बघा, ओळ आहे. मान वळवा, पश्चिमेला आहे. पूर्वेलाही आहे. उत्तरेला जरा पुसट आहे, पण आहे. गच्चीवरून एक फेरी मारलीत की तुमच्या लक्षात येतं, त्या टेकड्या तुमच्या भोवती कडं करून उभ्या आहेत. तो खड्ड्याचा काठ. तुम्ही आत उभे आहात.

कोणी खणला हा?

जुन्या काळच्या शास्त्रज्ञांना वाटलं, हे ज्वालामुखीचं काम. तसं वाटणं स्वाभाविक होतं. चर्चच्या भिंतीतला तो सुएवाइट ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकासारखा दिसतो. गंमत म्हणजे आपल्या लोणारलाही लोक कितीतरी वर्षं ज्वालामुखीचं विवरच समजत होते. पण रीसमध्ये काही गोष्टी जुळेनात. ज्वालामुखी म्हटलं की लाव्हा हवा. इथे लाव्ह्याचे थर कुठे आहेत? दुसरं म्हणजे खडकांचा सगळा क्रमच उलटापालटा. या भागात ग्रॅनाइट खाली असतो आणि त्याच्यावर समुद्रात साचलेल्या खडकांचे सुमारे सहाशे मीटर जाडीचे थर. रीसमध्ये मात्र ग्रॅनाइटचे तुकडे चक्क वर येऊन पडलेले! आणि खड्ड्याबाहेर, काठापासून कितीतरी लांब, शेतात मधेच मोठमोठे चुनखडकाचे धोंडे सापडायचे. काही तर सत्तर किलोमीटरवर. ते कोणी भिरकावले?

१९०४ साली एर्न्स्ट वेर्नर या माणसाने लिहून टाकलं, की हा खड्डा आकाशातून आलेल्या दगडाने पडला असावा. त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही. त्याच्याकडे पुरावा नव्हता. आणि लोकांचा प्रश्नही रास्त होता, की दगड पडला म्हणता, तर मग तो दगड आहे कुठे?

पुढची गोष्ट १९६० ची. यूजीन शूमेकर नावाचे एक अमेरिकन भूशास्त्रज्ञ होते. त्यांना विवरांचं वेड. चंद्रावरची विवरं अशनी आदळून पडली असतील, तर पृथ्वीवरही अशी विवरं असलीच पाहिजेत, असं ते म्हणत. त्या उन्हाळ्यात ते रीसला आले. नर्डलिंगनच्या चर्चच्या भिंतीकडे बघूनच त्यांचे डोळे चमकले, असं तिथे सांगतात. ओटिंग गावाजवळच्या खाणीतून त्यांनी सुएवाइटचे तुकडे गोळा केले आणि एडवर्ड चाओ या सहकाऱ्याकडे तपासायला पाठवले. चाओंना त्यात कोएसाइट सापडलं.

कोएसाइट म्हणजे काय? तुम्हाला गारगोटी माहीत आहे. पांढरी, कठीण, दोन घासल्या की ठिणगी पडते ती. शास्त्रात तिला क्वार्ट्झ म्हणतात. या क्वार्ट्झवर प्रचंड दाब दिला, आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाच्या वीस हजार पटींहून जास्त, तर त्यातले अणू एकमेकांजवळ सरकतात, नव्या पद्धतीने रचले जातात आणि कोएसाइट बनतं. लोरिंग कोएस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते १९५३ साली प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार केलं, म्हणून हे नाव. ज्वालामुखी कितीही भडकला, तरी त्याच्या तोंडाशी एवढा दाब येऊच शकत नाही. जमिनीच्या वरच्या भागात तो दाब निसर्गात देऊ शकते फक्त एक गोष्ट, आकाशातून भन्नाट वेगाने येऊन आदळणारा प्रचंड दगड! १९६१ साली शूमेकर आणि चाओंनी हे प्रसिद्ध केलं. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की २४ किलोमीटरच्या खड्ड्याचं कोडं सुटलं ते नुसत्या डोळ्यांनी दिसणारही नाही अशा एका कणामुळे. आणि तो कण ज्या दगडात होता, त्या दगडाच्या भिंतीला टेकून लोक पाचशे वर्षं गप्पा मारत होते!

मग त्या दिवशी झालं तरी काय?

सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. डायनोसॉर संपून पाच कोटी वर्षं लोटली होती, तेव्हा त्यांना मारणारा दगड हा नव्हे. इथे तेव्हा उबदार रान होतं. गेंडे हिंडत होते, हत्तीचे दूरचे नातलग हिंडत होते. सुमारे एक किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने आला. पृथ्वीभोवतीचा हवेचा थर शंभर किलोमीटर धरला, तरी तो पार करायला त्याला पाच सेकंद लागले असतील. मान वर करून ‘ते काय आहे?’ म्हणेपर्यंत तो जमिनीत शिरला. त्या धडकेची ऊर्जा इतकी, की लघुग्रह आपल्या जागीच वाफ होऊन गेला. ‘दगड आहे कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर हे. खालचे खडक काही वितळले, काही वाफ झाले, बाकीचे चुरा होऊन उडाले. क्षणभर तिथे काही किलोमीटर खोल खड्डा पडला. मग त्याचा तळ उसळून वर आला, कडा आत घसरल्या, खड्डा रुंद आणि उथळ झाला. हे सगळं अवघ्या काही मिनिटांत! वर उडालेला वितळता रस आणि खडकाचा चुरा तापलेल्या ढगातून खाली बसला, थिजला आणि त्याचाच सुएवाइट झाला. काच, चुनखडक आणि ग्रॅनाइट एकाच दगडात कसे, ते आता कळलं ना?

याची छोटी नक्कल घरी करता येईल. आईबाबांना विचारून एका परातीत चार बोटं जाडीचा रवा पसरा. त्यावर गुलालाचा पातळ थर भुरभुरवा. आता खुर्चीवर उभं राहून वरून एक गोटी सोडा. बघा काय होतं. गोटीपेक्षा खड्डा रुंद पडतो. आणि खालचा पांढरा रवा उडून गुलालाच्या वर जाऊन पडतो. रीसमध्ये खालचा ग्रॅनाइट वर कसा आला, त्याचं उत्तर परातीत आहे. गोटी तिरकी फेकून बघा. खड्डा थोडा लांबट होईल. खऱ्या लघुग्रहाच्या बाबतीत मात्र तसं सहसा होत नाही, कारण गोटी नुसती घुसते आणि लघुग्रहाचा जमिनीत शिरताच स्फोट होतो. स्फोट सगळ्या दिशांना सारखाच फाकतो. म्हणून चंद्रावरची विवरं बघा, दगड कुठल्याही बाजूने आलेला असो, जवळजवळ सगळी गोल.

त्या स्फोटाने आणखी दोन नवलं केली.

एक, हिरे. तिथल्या खोल खडकांत ग्रॅफाइटचे कण होते. ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ना, ते. ग्रॅफाइटही कार्बन आणि हिराही कार्बन, फरक फक्त अणूंच्या रचनेचा. धडकेच्या दाबाने ग्रॅफाइटचे हिरे झाले. रीसमध्ये असे सुमारे ७२,००० टन हिरे असावेत, असा एक अंदाज आहे. फावडं घेऊन निघू नका! यातला मोठ्यातला मोठा हिरा मिलिमीटरचा काही दशांश भाग, बाकीचे त्याहून बारीक. अंगठीत बसवायचा तर आधी भिंग लागेल. पण ते आहेत मात्र खरे, आणि सेंट जॉर्ज चर्चच्या भिंतीतही आहेत. साडेतीनशे पायऱ्या चढून आपण जिथे उभे आहोत, तो मनोरा हिऱ्यांचा आहे असं म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही.

दुसरं नवल त्या जागेपासून खूप लांब सापडतं. आज ज्याला चेक प्रजासत्ताक म्हणतात त्या देशात, रीसपासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर पूर्वेला, शेतात काचेचे हिरवे खडे मिळतात. बाटलीच्या काचेसारखा रंग, अंगावर वेड्यावाकड्या सुरकुत्या. त्यांना मोल्डावाइट म्हणतात आणि त्यांचे दागिने करतात. लघुग्रह जमिनीला टेकला त्या पहिल्याच क्षणी वरची वाळू वितळली आणि थेंब होऊन आकाशात उडाली. ते थेंब हवेतच थिजले आणि इतक्या लांब जाऊन पडले. एखाद्या चेक मुलीच्या गळ्यातलं हिरवं लोलक मूळचं रीसच्या वाळूचं असतं.

मग खड्ड्यात पाणी साचलं आणि मोठं तळं झालं. ते लाखो वर्षं टिकलं. बाहेर वाहून जायला वाट नव्हती, पाणी उन्हाने उडत राहिलं, क्षार मागे उरत राहिले, त्यामुळे बराच काळ ते तळं खारट आणि अल्कधर्मी होतं. आठवलं का काही? अगदी बरोबर, लोणारचं पाणीही तसंच आहे! लोणारच्या काठावर उभं राहून आपण आज जे बघतो, तसं काहीसं रीसमध्ये कधीकाळी होतं, फक्त खूपच मोठ्या मापाचं. लोणार त्या मानाने अगदी तरुण विवर. त्याचं तळं अजून जिवंत आहे, रीसचं गाळाने भरून गेलं.

१९७३ साली नर्डलिंगनजवळ शास्त्रज्ञांनी १२०६ मीटर खोल भोक पाडलं आणि दगडाच्या कांड्या वर काढल्या. पहिल्या तीनशेहून जास्त मीटरमध्ये त्या तळ्याचा गाळ, मग सुएवाइट, त्याच्याखाली भेगाळलेला, ठेचलेला जुना खडक. योगायोग बघा, त्याच १९७३ मध्ये लोणारवरचंही एक महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध झालं. लोणारच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात, धक्क्याने काच झालेलं खनिज सापडलं होतं. दोन्ही विवरांचे जुने ज्वालामुखी असे हद्दपार झाले.

रीसच्या तळ्यातले रहिवासी आजही भेटतात. हाइन्सफार्ट गावाजवळ ब्युशेलबर्ग नावाची टेकडी आहे. तिथला खडक शेवाळाने बांधलेला आहे. उथळ पाण्यात शेवाळ वाढायचं, त्याच्या अंगावर चुना साचायचा आणि हळूहळू त्याचे गड्डे उभे राहायचे. त्या खडकात जागोजागी बारीक गोगलगायींचे शंख दिसतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. हजारोंनी! इतक्या खारट पाण्यात फार प्रकारचे जीव टिकत नाहीत, पण जे टिकतात त्यांना खाणारं आणि भांडणारं कोणी उरत नाही, मग ते असे बेसुमार वाढतात.

मनोऱ्यावरून उत्तरेला बघितलं की वालरश्टाइनचा खडक दिसतो, सपाटीतून एकटाच वर आलेला. तोही त्या तळ्याच्या काळचा. तळ्याच्या पाण्यात चुना साचत साचत हा माथा तयार झाला. नंतर भोवतालचा मऊ गाळ पावसाने वाहून नेला आणि हा कठीण माथा उरला. त्याच्यावरही चढता येतं. दक्षिणेला वॉर्नित्स नदी खड्ड्याबाहेर पडते, तिथे हारबुर्गचा किल्ला आहे. डुकरिणीच्या गोष्टीतल्या त्या एटिंगन घराण्याकडेच तो शतकानुशतकं होता. पश्चिमेला इप्फ नावाचा ६६८ मीटर उंचीचा, सपाट माथ्याचा डोंगर आहे. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वी केल्ट लोकांची तटबंदी केलेली वस्ती होती आणि तिचे मातीचे बांध अजून ओळखू येतात. ऑफनेटच्या गुहा तर शहरापासून अगदी जवळ, काठाच्या चुनखडकात. त्याही आधीच्या, शिकार करून जगणाऱ्या माणसांच्या खुणा तिथे सापडल्या आहेत आणि गुहांच्या खालच्या उतारावर एका रोमन शेतघराचा पाया आहे. गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की अख्खा रीस पसरलेला दिसतो. या सगळ्या परिसराला २०२२ साली युनेस्कोने जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला.

पण या गावात आलेले सगळ्यात भारी पाहुणे कोण, सांगू? अंतराळवीर!

१९७० च्या ऑगस्टमध्ये ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल इथे आले. अपोलो १४ मधून ते दोघे चंद्रावर उतरणार होते. त्यांच्याबरोबर बदली म्हणून तयारी करणारे जीन सर्नन आणि जो एंगलही होते. हे सगळे मूळचे वैमानिक. विमान चालवण्यात उस्ताद, पण दगडांतलं त्यांना काय कळणार? आणि चंद्रावर तर दगड गोळा करायचे होते, तेही कुठले महत्त्वाचे आणि कुठले नाहीत हे ठरवून. अपोलो १४ उतरणार होतं ती जागा चंद्रावरच्या एका महाप्रचंड धडकेतून उडालेल्या चुऱ्याने झाकलेली होती. तसला चुरा पृथ्वीवर बघायचा तर रीससारखी जागा शोधून सापडली नसती. म्हणून हे वीर हातोडे घेऊन इथल्या खाणींतून फिरले, सुएवाइट फोडून बघितला, ‘हा तुकडा खालून आलाय, हा वितळलाय’ असं बोलायला शिकले. पुढे फेब्रुवारी १९७१ मध्ये शेपर्ड आणि मिचेल खरोखरच चंद्रावर उतरले आणि चाळीस किलोहून जास्त दगड घेऊन आले. सर्नन नंतर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून गेले. चंद्रावर आजवर चाललेल्या माणसांतले ते शेवटचे.

नर्डलिंगनमध्ये १५०३ साली बांधलेल्या एका जुन्या इमारतीत १९९० पासून विवराचं संग्रहालय आहे. नासाने दिलेला चंद्राचा खराखुरा दगड तिथे ठेवला आहे. मला मात्र त्याहून जास्त नवल वाटतं ते रीसमध्ये मिळणाऱ्या बेलेम्नाइटचं. बेलेम्नाइट हा माकूळ या समुद्री प्राण्याचा प्राचीन नातलग. त्याच्या अंगातला बोटासारखा टोकदार कठीण भाग दगड होऊन उरतो. रीसमधल्या काही बेलेम्नाइटचे धडकेच्या जोराने पातळ काप झाले, काप एकमेकांवरून थोडे थोडे सरकले आणि तसेच पुन्हा चिकटून बसले. वीस कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास समुद्रात पोहणारा जीव आणि दीड कोटी वर्षांपूर्वीची धडक, दोन्ही गोष्टी त्या एका बोटभर दगडात दिसतात.

आणि शूमेकर? त्यांना स्वतःला चंद्रावर जायचं होतं. आजारपणामुळे ते जमलं नाही. मग त्यांनी अंतराळवीरांना भूशास्त्र शिकवलं. पुढे १९९४ मध्ये एक धूमकेतू तुकडे तुकडे होऊन गुरू ग्रहावर आदळला, तो शोधणाऱ्या तिघांत ते आणि त्यांच्या पत्नी कॅरोलिन होत्या. १९९७ मध्ये शूमेकर गेले. त्यांच्या अस्थींचा एक अंश ‘लूनर प्रॉस्पेक्टर’ या यानातून पाठवला गेला आणि १९९९ मध्ये ते यान चंद्रावर उतरवण्यात आलं ते आदळवूनच.

रीसच्या बाबतीत सगळं कळून चुकलंय, असं मात्र समजू नका. तिथून सुमारे चाळीस किलोमीटरवर, पश्चिमेकडे, श्टाइनहाइम नावाचं आणखी एक विवर आहे. जवळजवळ चार किलोमीटर रुंद आणि मधोमध एक टेकडी. खडकात धक्क्याची लाट गेली की शंकूच्या आकाराच्या, पिसाऱ्यासारख्या रेघांच्या खुणा उमटतात. त्या जगात पहिल्यांदा ओळखल्या गेल्या त्या याच विवरात, १९०५ साली. खूप वर्षं शास्त्रज्ञ म्हणत आले, की लघुग्रह जोडीने आले. मोठ्याने रीस पाडलं आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या धाकट्याने त्याच क्षणी श्टाइनहाइम. अशा जोड्या अंतराळात खरंच असतात. पण अलीकडे काही संशोधक म्हणू लागले आहेत, की श्टाइनहाइमचा खड्डा रीसनंतर लाखो वर्षांनी पडला असावा. म्हणजे चाळीस किलोमीटरच्या अंतरात दोनदा वेगवेगळे दगड पडले? का एकाच सकाळी दोन्ही? दोन्ही बाजूंचे लोक अजून दगड तपासताहेत, वयं मोजताहेत आणि एकमेकांशी कडाकडा वाद घालताहेत. तुमच्यापैकी कोणाला मोठेपणी भूशास्त्र शिकायचं असेल, तर हे भांडण बहुतेक तोवर तुमच्यासाठी शिल्लक असेल.